माझ्या तोंडचं इंग्रजी

परतूरच्या शाळेत मी इंग्रजीचा मास्तर होतो तेव्हा गाव मला ‘कोरियावाले मास्तर’ म्हणायचं. मला ते आवडायचं. आता कबूल करायला हरकत नाही, फार आवडायचं. निजामाच्या राज्यात मॅट्रिकपर्यंत उर्दूतून शिकलेला मराठी घरातला एक पोरगा पोलीस ॲक्शननंतर लष्कराच्या दवाखाना-पथकात शिरतो काय, बोटीत बसून कोरियाच्या लढाईतल्या जखमींना पट्ट्या बांधायला जातो काय, आणि परत येऊन गावातच इंग्रजी शिकवायला लागतो काय, याचं लोकांना कौतुक होतं. अडत्यापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत कुणाकडं इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडं यायचा. मी चष्मा पुसायचो, कागद मोठ्यानं वाचायचो आणि मग त्याचा अर्थ सांगायचो. मोठ्यानं वाचायची खरं तर काही गरज नसायची.

सत्तावन्न सालच्या सुमाराची गोष्ट आहे. माझी धाकटी बहीण तेव्हा माझ्याकडंच राहायची. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील ती पाळण्यात असतानाच गेले, त्यामुळं बाप म्हणून तिनं मलाच पाहिलं. तिला केदारखेड्याला दिली होती. नवऱ्यानं दोन वर्षांत दुसरी बायको केली आणि हिला बैलगाडीत बसवून आमच्या दारात आणून सोडलं. मी तेव्हा कोरियात होतो. परत आलो तेव्हा ही घरात होती आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलेलं होतं.

तिला घरात कुणी वावगं बोलत नव्हतं. माझी बायको तिच्याशी नीट वागायची, आई तर जीव टाकायची. पण ती सगळ्यांच्या मागून जेवायची, नवं लुगडं घ्यायला नको म्हणायची, पाहुणे आले की मागच्या दारानं बाहेर पडायची. दुपारी सरकारी दवाखान्यात जाऊन बसायची. तिथल्या नर्सबाई एकट्या होत्या, ख्रिस्ती, लहानपणापासून गोऱ्या बायांच्या शाळेत वाढलेल्या. त्यांच्या हाताखाली ही पट्ट्या गुंडाळ, सुया उकळ, पोरांची वजनं घे, असं काही काही करायची. तिथून परत आली की मात्र तिचा चेहरा जरा मोकळा दिसायचा.

एके दिवशी शाळेतून आलो तर ती ओट्यावर माझी वाट पाहत उभी होती. नर्सबाईंना पत्र आलं होतं. एका दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मुलींना तीन वर्षं नर्सिंग शिकवणार होते. राहणं, खाणं, कपडे सगळं त्यांचं. मुली निवडायला तिथल्या मेट्रनबाई चार महिन्यांनी जालन्याला येणार होत्या. सातवी पास पाहिजे, ती ही होतीच. वय पंचवीसच्या आत पाहिजे, तेही यंदापुरतं बसत होतं. पुढच्या वर्षी बसलं नसतं. आणि इंग्रजी वाचता-बोलता आलं पाहिजे, कारण तिथं शिकवणाऱ्या सगळ्या इंग्लंडच्या.

“दादा, शिकवता का मला?” एवढंच ती म्हणाली. घरी आल्यापासून तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी हो म्हणालो, आणि मनातल्या मनात मिशीला पीळ भरला. इंग्रजी शिकवण्यात माझा हात कोण धरणार? अख्ख्या तालुक्यात कोरियन माणसाला इंग्रजी शिकवलेला मी एकटा होतो.

त्या कोरियन माणसाचं आधी सांगून टाकतो, कारण त्याची नक्कल करून मी गावाला कितीतरी वर्षं हसवलं. आमच्या पथकाच्या दवाखान्यात तो पाणी भरायला, स्ट्रेचर उचलायला होता. वय चाळीसच्या पुढं. लढाईच्या आधी तो त्याच्या गावात शाळामास्तर होता. आता शाळा नव्हती, गावही नव्हतं. बायको-पोरं एका तंबूत. अमेरिकनांच्या छावणीत दुभाष्याचं काम मिळालं तर त्यांना पक्क्या छपराखाली जागा मिळणार होती. त्यासाठी इंग्रजी पाहिजे. अमेरिकनांना शिकवायला वेळ नव्हता, म्हणून तो माझ्याकडं आला, कमरेत वाकला आणि मला ‘सन्सेंग’ म्हणाला. म्हणजे गुरुजी. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस मला वाकून गुरुजी म्हणतोय, मी तिथंच पाघळलो.

त्याच्या जिभेनं मला जेरीस आणलं. दोन व्यंजनं एकमेकांना चिकटून आली की त्याच्या तोंडात ती टिकायचीच नाहीत, मध्ये एक बारीकसा उ घुसायचा. शेवटी स आला तर त्यालाही टेकू दिल्याशिवाय शब्द संपायचा नाही. स्कूलचं ‘सुकूल’, ग्लासचं ‘कुल्लासु’, बसचं ‘पोसु’. फिल्मचं तर चक्क ‘फिल्लुम’. आमच्या परतूरच्या तंबूवाल्या सिनेमाच्या दारात उभं राहून बोलल्यासारखं. फीवर, कॉफी यांतला दात लावून म्हणायचा फ त्यांच्याकडं नाहीच, त्यामुळं कॉफीची ‘खोपी’. र आणि ल यांचं त्यांच्याकडं एकच अक्षर, शब्दात कुठं बसतं त्यावरून कधी इकडं झुकणार कधी तिकडं. रूम आणि लूम मी दहादा म्हणून दाखवलं, तो दहादा मान डोलवायचा आणि दोन्हीला एकच काहीतरी म्हणायचा. आणि गंमत अशी की त्याचा कान बधिर नव्हता. आपला प आणि आपला फ हे तो माझ्याकडं पाठ करून उभा राहिला तरी अचूक ओळखायचा, जे कुठल्याही अमेरिकन सार्जंटला कधी जमलं नसतं. पण प आणि ब शब्दाच्या सुरुवातीला आले की गडी आडवा. त्याला पार आणि बार एकच. मला वाटायचं, एवढं धडधडीत वेगळं ऐकू येत नाही म्हणजे काय? याच्या कानात बोळे आहेत का? मी चिडका माणूस आहे, तेव्हाही होतो. एकदा पाटीच आपटली.

तो मात्र चिडायचा नाही. उलट एकदा त्यानंच मला विचारलं, इंग्रजीतल्या त्या दोन अक्षरांबद्दल, एक व्ही आणि एक डब्ल्यू. अक्षरं दोन, मग आवाज एक कसा? सन्सेंग दोन्हीला एकच आवाज काढतात, आणि अमेरिकन माणूस दोन काढतो असं त्याला वाटत होतं. व्हीला तो स्वतः ब म्हणायचा, ते बरोबर नाही एवढं त्याला कळत होतं. मी त्याला सांगितलं की अमेरिकन लोक तोंडात चघळत बोलतात, त्यांच्याकडं लक्ष देऊ नको. दोन्ही सारखीच, आपला व. त्यानं वहीत तसं लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून दोन्हीला इमानेइतबारे माझा व म्हणायला लागला.

सहा महिने शिकवल्यावर त्याची परीक्षा झाली आणि तो नापास झाला. अमेरिकनांना त्याचं बोलणं समजलं नाही. त्यानं येऊन पुन्हा कमरेत वाकून माझे आभार मानले आणि पाण्याचे डबे उचलायला गेला. मी म्हणालो, याची जीभच तशी, आपण तरी काय करणार. आणि गावी आल्यावर ‘कुल्लासु’ आणि ‘खोपी’ म्हणून दाखवत लोकांची करमणूक करू लागलो.

आपल्याकडं तरी वेगळं काय होतं? शाळेत माझ्यासमोर जी पोरं बसायची त्यांच्या तोंडात त्यांची त्यांची घरं बसलेली असायची. उर्दू घरातली पोरं फीवरचा फ आणि झीरोचा झ घरूनच घेऊन यायची, पण स्कूलच्या आधी त्यांना इ लागायचीच, इस्कूल. मराठी घरातल्यांना फ म्हटलं की फळाचाच फ, दोन्ही ओठ गच्च मिटून. ग्लासचा तर सगळ्यांनीच गिलास करून टाकलेला. कोरियन उ घालत होता, आम्ही इ घालत होतो, एवढाच काय तो फरक. हे मला तेव्हाही दिसायचं. मी वर्गात सांगायचोसुद्धा, आणि पोरांना छडी मारायचो. माझ्या स्वतःच्या तोंडात कुणाचं घर बसलंय, हे बघायचं मात्र मला कधी सुचलं नाही. उर्दूच्या मौलवींनी लहानपणीच माझ्याकडून फ घोटून घेतला होता, मराठी आईची होती, इंग्रजी गोऱ्या शिपायांत राहून आलेलं. मला वाटायचं, माझ्या तोंडात सगळं आहे.

बहिणीची शिकवणी शाळा सुटल्यावर सुरू झाली. मागच्या पडवीत ती पाटावर बसायची, मी खुर्चीवर. पहिल्या दिवसापासून मी तिला कोरियन माणसापेक्षा कडक धरलं. एक छोटा आरसा आणला आणि जिनिंगमधून कापसाचा एक पुंजका. फीवर म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकव, वारा हळू सोड, कापूस नुसता थरथरला पाहिजे, उडाला तर तो फळाचा फ. पहिल्या आठवड्यात कापूस उडून आईच्या देव्हाऱ्यापर्यंत जायचा. तिसऱ्या आठवड्यात जागच्या जागी थरथरायला लागला. स्टेशन, स्पून, स्प्लिंट यांच्या आधीची इ काढायला महिना गेला. ती लुगड्याच्या पदराखाली बोटं मोजत पुटपुटत राहायची. भाकरी थापताना, पाणी शेंदताना ओठ हलत असायचे. आई म्हणायची, पोरीला काही बाधलं तर नाही ना.

शिकवताना आमच्या घरातली एक रीत होती, आणि ती मीच पाडलेली होती. मी एकदा म्हणायचं, तिनं तीनदा म्हणायचं. ती चुकली की मी सांगायचं. मधे बोलायचं नाही, विचारायचं नाही. वर्गातही माझं हेच होतं. मौलवींकडं मी असाच शिकलो होतो. वडीलधाऱ्याचा शब्द पडू द्यायचा नाही हे तर आमच्याकडं पोराला बोलता येण्याआधी शिकवलं जायचं. भावानं चुकीचा रस्ता धरला तर बहीण मागून मुकाट चालत राहणार, वाटूरला जायचं असताना मंठ्याला पोचली तरी.

दोनेक महिने झाले असतील. एके दिवशी ती दवाखान्यातून आली ती जरा खुशीत होती. धडा वाचायला बसली आणि एका शब्दापाशी तिनं खालचा ओठ दाताखाली घेतला. शिरेला इंग्रजीत जो शब्द आहे, तो शब्द होता, वेन. मला वाटलं फीवरचा फ हिच्या डोक्यात बसलाय म्हणून जिथं तिथं दात लावत सुटली. मी थांबवलं. तिनं पुन्हा तसंच केलं. पुढं ‘केव्हा’ला असतो तो शब्द आला, तोही वेनच, तिथं दात न लावता ओठांचा चंबू केला. माझं डोकं फिरलं. एका व ची ही दोन-दोन सोंगं कशाला? बायको आणि आई दोघी समोर असताना मी तिला फडाफडा बोललो. तोंड वेडंवाकडं करून इंग्रजी येत नसतं, म्हणालो, नाटक कंपनीत जायचंय का. तिनं पदर सारखा केला आणि दोन्ही शब्द माझ्यासारखे म्हणाली, तीनदा. मी म्हणालो, आता कसं बरोबर.

नर्सबाईंनी शिकवलं होतं, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मुळात विचारायची रीतच नव्हती.

त्यानंतर तिचं इंग्रजी झपाट्यानं सुधारलं, म्हणजे माझ्या मते सुधारलं. चौथ्या महिन्यात ती न अडखळता पानभर वाचायची. डोळे मिटून ऐकलं तर मीच वाचतोय असं वाटायचं. मला याचा फार अभिमान होता. शाळेतल्या हेडमास्तरांना घरी बोलावून तिचं वाचन ऐकवलं. ते उर्दू घरातले, बडे अदबशीर. बिलकुल साफ जबान आहे म्हणाले. त्यांचा व माझ्याचसारखा होता हे सांगायला नको.

निवडीच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीनं जालन्याला गेलो. तिनं नर्सबाईंचं पांढरं लुगडं मागून आणलं होतं. गाडीत ती खिडकीशी बसून बाहेर बघत होती, आणि मधेच मला म्हणाली की तिथं मुलींना प्रत्येकीला स्वतःची खाट आणि खाटेखाली स्वतःची पेटी असते, पेटीला कुलूप असतं. नर्सबाईंनी सांगितलं होतं. दोन वर्षं सासरी आणि चार वर्षं माझ्याकडं, तिचं म्हणून काही ठेवायला तिला कधी जागा मिळाली नव्हती. हे मला त्या दिवशी गाडीत कळलं. मला भडभडून आलं, पण मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

डाक बंगल्यात वीसेक मुली आल्या होत्या. आत एक टेबल, त्यामागं मेट्रनबाई, उंच, पिकल्या केसांच्या, शेजारी मद्रासकडचे एक डॉक्टर. आमची पाळी आली तशी मीही बहिणीबरोबर आत गेलो. मेट्रनबाईंनी फार सभ्यपणानं विचारलं, आपण बाहेर व्हरांड्यात बसता का, मुली एकट्या असल्या की मोकळ्या बोलतात. मी इंग्रजीतच सांगितलं की आमच्याकडं परक्या पुरुषासमोर बाईमाणसाला एकटं सोडत नाहीत, आणि माझी बहीण फार लाजाळू आहे, मी असलो की तिला धीर येईल. खरं कारण वेगळं होतं. मला माझी शिष्या ऐकायची होती. आणि मेट्रनबाईंनी ऐकताना माझ्याकडं बघावं असंही मला वाटत होतं.

त्यांनी खुर्ची दिली. मी बसलो तो नेमका बहिणीच्या नजरेसमोर.

सुरुवात झकास झाली. फीवर आला, नुसता वारा. स्प्लिंट आला, आधी इ नाही. मेट्रनबाईंनी मान हलवली. मग त्यांनी एक कागद दिला, डॉक्टरांच्या सूचना होत्या. औषध केव्हा द्यायचं, शिरेत कसं द्यायचं, उलटी झाली तर काय, जखम कशी धुवायची. ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मग स्वतःच्या शब्दांत सांगायची. त्या कागदावर जिकडं तिकडं ती दोन अक्षरं विखुरली होती.

पहिल्याच शब्दाला ती थांबली. ओठ जरा हलला आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं घाबरली. मी मान डोलवली, म्हण म्हण. आणि तिनं म्हटलं, मी शिकवल्यासारखं. त्यानंतर ती प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून बोलत राहिली. मेट्रनबाई एकेक शब्द पुन्हा विचारायला लागल्या. केव्हा म्हणायचंय का शीर? शीर का केव्हा? ती पुन्हा म्हणायची, तसंच. डॉक्टर चष्मा काढून तिच्याकडं बघत होते. एकदा मेट्रनबाईंनी स्वतः दोन्ही शब्द म्हणून दाखवले. मला दोन्ही वेळा एकच शब्द ऐकू आला. वाटलं, बाई थकल्यात, एकच शब्द दोनदा म्हणतायत. बहिणीनं तो ऐकला, तिचे डोळे एकदम लकाकले, आणि तिनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा मान डोलवली. तिनं तो शब्द माझ्या पद्धतीनं म्हटला.

शेवटी मेट्रनबाईंनी कागद मिटला. ती उठली, मीही उठलो. दारापाशी त्या मला म्हणाल्या की तुमची बहीण हुशार आहे, हात स्वच्छ आहेत, आणि ती अगदी तुमच्यासारखं इंग्रजी बोलते. मी छाती फुगवून थँक्यू म्हणालो.

थँक्यू! आज हे लिहिताना वाटतं, कुणीतरी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

परतीच्या गाडीत मीच बोलत होतो. खाटेखालची पेटी आपण परतूरलाच चांगली पत्र्याची घेऊ, असं मी तिला सांगितलं. कुलूप पितळेचं घेऊ म्हणालो. ती हं हं करत राहिली. एकदाच म्हणाली, “बाईंनी लई सवाल केले, दादा.” मी म्हणालो, ज्याच्यात दम असतो त्यालाच जास्त विचारतात.

बारा-तेरा दिवसांनी पत्र आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं, चार ओळींचं. उमेदवार इतर सर्व बाबतींत योग्य आहे, परंतु तिचं बोललेलं इंग्रजी वॉर्डात समजण्याजोगं नाही, त्यामुळं रुग्णांना धोका होईल, खेद वाटतो. या वेळी मी ते मोठ्यानं वाचलं नाही. आईनं काय आलंय विचारलं, आणि पहिल्यांदाच मला इंग्रजी कागदाचा अर्थ सांगता येईना. बहीण दारात उभी होती. माझ्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं. ती आत गेली आणि चुलीवर ठेवलेलं आधण उतरवलं, कारण ते उतू चाललं होतं.

मग माझा संताप सुरू झाला. दोन दिवस मी घरात आदळआपट केली. कुणाचं इंग्रजी समजण्याजोगं नाही म्हणतात? लढाईत गोऱ्या शिपायांच्या उशाशी बसून मी त्यांची बोलणी ऐकलीत. (माझी त्यांना किती समजली, हा प्रश्न तेव्हा मनाला शिवला नाही.) वशिल्याच्या मुली घेतल्या असणार. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी बसून मेट्रनबाईंना चांगलं दोन पानी पत्र लिहिलं. तिला मी स्वतः शिकवलं आहे, तिचा एकेक उच्चार माझा आहे, तुम्ही फेरविचार करा, नाहीतर वर लिहीन. सही ठोकली. आणि मागच्या पडवीत गेलो. बहीण सुपात मूग निवडत बसली होती. तिला पत्राचा मजकूर मराठीत सांगितला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मुगातला खडा काढून बाजूला टाकला.

“ते पत्र नका धाडू, दादा.”

“का नको?”

ती मूग निवडत राहिली. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तेव्हा ती सुपाकडं बघतच म्हणाली, “त्या बाई खोटं न्हाई बोलून राह्यल्या.”

मला वाटलं, हिचा धीर सुटला. मी समजूत घालायला लागलो तर तिनं मान हलवली. मग हळूहळू, एकेक वाक्य ओढून काढावं तसं, तिनं सांगितलं. इंग्रजीत व दोन आहेत. एकाला दात लागतात, एकाला लागत नाहीत. नर्सबाईंनी तिला दोन्ही शिकवले होते, आणि ते तिला येत होते. दवाखान्यात ती तसंच बोलायची. डाक बंगल्यातही तिच्या तोंडावर तेच आलं होतं.

“मंग म्हणलं का न्हाईस?” मी विचारलं. माझी पुस्तकी मराठी गळून पडली होती, हे मला नंतर जाणवलं.

“तुम्ही समोर बसल्ते ना,” ती म्हणाली. “चार लोकांत तुमचा शब्द कसा खोटा पाडू?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला तिच्यावर तरी चिडता आलं असतं, का ग बाई एवढी मुकी राहिलीस म्हणून. पण तिला मुकं मीच केलं होतं, पाटावर बसवून, तीनदा म्हणायला लावून. ती लाजाळू आहे म्हणून मेट्रनबाईंना सांगून मीच खुर्ची घेतली होती. व्हरांड्यात बसलो असतो तर? तो व्हरांडा पुढं कितीतरी वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. तिथं एक रिकामं बाकडं होतं.

मी खाली बसलो, तिच्यासमोर जमिनीवर. म्हणालो, मला म्हणून दाखव. ती नको म्हणाली. मी म्हणालो, मला ऐकायचंय, म्हण.

तिनं पदराला हात पुसले. “हे तुमचं,” म्हणाली, आणि शिरेचा शब्द उच्चारला. “आन हे बाईंचं.” पुन्हा तोच शब्द. दुसऱ्या वेळी तिचे दात ओठाला लागलेले मी डोळ्यांनी स्पष्ट पाहिले. पण कानाला मला एकच शब्द ऐकू आला, दोन वेळा.

पुन्हा म्हणायला सांगितलं. तिनं म्हटलं. मी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडे ठेवून ऐकलं. मग मी तोंड वळवलं आणि म्हणालो, आता न सांगता एक म्हण, मी ओळखतो. तिनं म्हटलं. मी ओळखू शकलो नाही. पाच-सहा वेळा झालं. इतकी वर्षं जे इंग्रजी माझ्या अंगाखांद्यावर मिरवलं, त्यातलं एक अख्खं अक्षर माझ्या कानात कधी शिरलंच नव्हतं, आणि आता ते शिरायची काही सोय नव्हती. माझी सातवी शिकलेली बहीण ते अक्षर समोर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होती, हळू, मोठ्यानं, हातानं ओठ दाखवून. आणि मला नुसता व ऐकू येत होता, आईचा व, मौलवींचा व.

शेवटी तिच्या कपाळावर घाम आला. मला ते बघवेना.

“हां,” मी म्हणालो. “आता कळलं. फरक आहे.”

तिनं वर पाहिलं. लहानपणापासून मला ओळखणारी ती. मी कधी थापा मारतो हे घरात तिच्याइतकं कुणाला कळत नसे. क्षणभर ती माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

“बराबर, दादा,” ती म्हणाली, आणि मान खाली घालून सूप पुढं ओढलं.